आधी खतावणी, मग धरण

चैत्र सरत आला म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, कसाऱ्याच्या आणि डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर, विहिरींचे तळ उघडे पडतात आणि टँकर ज्या दिवशी व ज्या घटकेला येईल त्याची वाट पाहत हंड्या-कळशांची रांग पहाटेपासून लागते. आणि ज्या तालुक्यात ही रांग लागते त्याच तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, वैतरणेवरची धरणे त्याच्या उशाशी आहेत, आणि तेथून निघालेल्या, आत माणूस उभा राहू शकेल एवढ्या रुंद पोलादी जलवाहिन्या याच मुलुखातून मुंबईकडे जातात. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण या मुलुखाइतकी शब्दशः क्वचितच कोठे खरी ठरली असेल.

या विसंगतीवर आजवर पुष्कळांनी लिहिले आहे, आणि ते लिहिणे अवश्य होते. मला आज तिच्या दुसऱ्या टोकाकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ज्या पाण्यासाठी या पाड्यांनी जमिनी दिल्या, जंगल दिले आणि उन्हाळे सोसले, ते पाणी शहराच्या वेशीत शिरल्यावर कोठे जाते? मुंबईला दररोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरविले जाते. त्यातला चौथा हिस्सा, आणि काही अंदाजांप्रमाणे तिसरा हिस्सा, बेहिशेबी आहे. म्हणजे त्यातले काही सांध्यांतून आणि भेगांतून जमिनीत मुरते, काही चोरीने नेले जाते, आणि काही बंद पडलेल्या मीटरांतून कोणत्याही दप्तरात नोंद न होता निघून जाते. चौथा की तिसरा याविषयी ठाम सांगता येत नाही, ही बाब सहज ऐकून सोडून देण्याजोगी नाही. या दोन अपूर्णांकांमधले अंतरच दिवसाला ३२५ दशलक्ष लिटरांचे आहे, आणि माणशी १३५ लिटर या सरकारी मापाने पाहिले तर एवढ्या पाण्यात चोवीस लाख माणसांची रोजची गरज भागते. चोवीस लाख माणसांचे पाणी आपल्या अंदाजाच्या फटीत नाहीसे होऊ शकते, इतका आपला अंदाज सैल आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी कोणताही आडपडदा न ठेवता मांडतो: जे शहर आपल्या पदरी आलेल्या पाण्याची खतावणी दाखवू शकत नाही, त्याला दुसऱ्याच्या दरीखोऱ्यांत नवे धरण मागण्याचा नैतिक अधिकार पोचत नाही.

मुंबई बेटाचा गेल्या १७० वर्षांचा पाण्याचा इतिहास हा, तहान वाढली की हात अधिक दूर पसरण्याचा इतिहास आहे. गावातल्या विहिरी आणि तळी अपुरी पडू लागली तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअराच्या योजनेप्रमाणे साष्टी बेटावर विहार तलावाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६० साली ते पुरे झाले. १८७९ साली त्याच्या शेजारी तुळशी आला. मग हात खाडी ओलांडून तानसापर्यंत गेला आणि १८९२ साली ते पाणी शहरात पोचले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात वैतरणेवर मोडकसागर उभा राहिला, ज्याला शहराच्या एका कर्तबगार इंजिनिअराचे नाव दिले गेले. १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा. ही कामे करणाऱ्या माणसांविषयी माझ्या मनात आदरच आहे. शंभर किलोमीटर अंतरावरचे पाणी, त्यातले बरेचसे केवळ उताराच्या बळावर, पंपाशिवाय, एका महानगराच्या दारी आणणे हे सामान्य कर्तृत्व नव्हे. परंतु या सगळ्या कालखंडात धरण बांधणाऱ्याच्या नावाची पाटी लागली, उद्घाटने झाली, कोनशिला बसल्या. सांधा दुरुस्त करणाऱ्याची पाटी कोठेही लागली नाही, आणि ज्याची पाटी लागत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद करण्याची निकडही कोणाला वाटत नाही.

पुढचे पाऊल ठरलेले आहे. ज्यांना १९९३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला त्या माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९४ साली मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ अशी तीन धरणे सुचविली होती. त्यांतले पहिले झाले, उरलेल्या दोहोंचा विचार तेव्हापासून कधी पुढे सरकतो, कधी मागे पडतो. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात होऊ घातलेल्या गारगाई धरणातून दररोज ४४० दशलक्ष लिटर पाणी मिळावयाचे आहे, आणि त्यासाठी सहा गावे उठवावी लागतील व तानसा अभयारण्यातील लाखो झाडे पाण्याखाली जातील. आता बेहिशेबी पाण्याचा सर्वांत सौम्य अंदाज, म्हणजे चौथा हिस्सा, घेऊ. तो दिवसाला ९७५ दशलक्ष लिटर होतो. त्यातले निम्मे पाणी चोरी आणि मीटरांच्या दोषांमुळे गेले असे धरून चालू, आणि खरोखर जमिनीत मुरणारे निम्मेच मानू. तरीही ते गारगाईपेक्षा अधिक भरते. म्हणजे एक आख्खे धरण आपल्या रस्त्यांखाली आधीपासून वाहते आहे. सगळी गळती थांबविणे जगातल्या कोणत्याही शहराला साधलेले नाही, हे मला ठाऊक आहे, आणि शहर वाढते हेही मान्य आहे. परंतु सहा गावांतील माणसांना त्यांच्या ओट्यावरून उठविण्यापूर्वी आम्ही आमच्याकडून होण्यासारखे सर्व केले आहे, हे त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता आले पाहिजे, आणि आज ते सांगता येत नाही.

गळती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फुटलेली जलवाहिनी, दोन मजले उंच उडणारे कारंजे आणि गुडघाभर पाण्यातून वाट काढणाऱ्या मोटारी येतात, कारण छायाचित्र त्याचेच छापले जाते. तसे फुटणे ही आपत्ती खरीच. पण ती दिसते, तिच्यामुळे वाहतूक खोळंबते, तिच्यावर धावाधाव होते आणि काही तासांत, फार तर दिवसाभरात, ती बंद केली जाते. खरा नाश करते ती न दिसणारी गळती. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सहा मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे साध्या पेन्सिलीहूनही बारीक, एक भोक घ्या. नळात पंधरा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब आहे असे धरा, जो शहरी पुरवठ्यात मुळीच अधिक म्हणता येणार नाही. तर त्या भोकातून अखंड दाबाखाली दिवसाला सुमारे २५,००० लिटर पाणी जाते. हे १८५ माणसांचे पाणी झाले. ते वर्षभर कोणाच्या ध्यानात आले नाही, तर दहा हजार लिटरचे नऊशेहून अधिक टँकर भरतील एवढे पाणी त्या एका भोकाने गिळलेले असते. आणि अशी भोके एखाद-दुसरी नसतात. जुन्या बिडाच्या पाइपांचे सांधे सुतळी ठासून वर वितळलेले शिसे ओतून बसविलेले असत. ज्या रस्त्याखाली ते बसविले त्यावरून तेव्हा घोडागाडी जाई, आज वीस टनांचा डंपर जातो, आणि प्रत्येक हादऱ्यासरशी ते शिसे अंशाअंशाने सैल होते. मुख्य जलवाहिनीतून घराकडे जोडणी घेताना जे फेरूल बसविले जाते तेथे गळती होते. जोडणीचा लोखंडी नळ दहा-पंधरा वर्षांत गंजून चाळणी होतो. टेलिफोनच्या, विजेच्या, गॅसच्या आणि आता इंटरनेटच्या तारांसाठी खणणारा प्रत्येक कंत्राटदार कुदळीचा एखादा घाव नळावर ठेवून जातो आणि माती लोटून निघून जातो.

मी ज्या गावात राहतो त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ते नाव बदलून कोणत्याही गावाचे घातले तरी हकीकत तीच राहील. आमच्या गल्लीच्या वळणावर पाणी सुटण्याच्या वेळी डांबरातून एक झरा उगवू लागला. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी तक्रार नोंदविली. तक्रारीला क्रमांक मिळाला. दुसऱ्या महिन्यात मुकादम येऊन पाहून गेले आणि सांगून गेले की रस्ता नुकताच डांबरी केलेला असल्याने तो खणण्याची परवानगी दुसऱ्या खात्याकडून यावी लागेल. पावसाळ्यात झरा आणि पाऊस एकत्र झाले व तक्रारीचा निकाल लागला असे दप्तरात नोंदले गेले, कारण पाहणीच्या दिवशी सगळाच रस्ता ओला होता. दिवाळीनंतर पुन्हा अर्ज, पुन्हा क्रमांक. अकराव्या महिन्यात एक तरुण फिटर आला, कामाला वाघ होता, त्याने तीन ठिकाणी खणले, आणि तिसऱ्या खड्ड्यात कमरेइतका उभा राहून मला म्हणाला, “काका, लाइन कुठून कुठं गेलीय ते कागदावर नाहीच. जुन्या फिटरला सगळं पाठ होतं, पण ते रिटायर झाले.” पाचव्या खड्ड्यात सांधा सापडला. त्याची दुरुस्ती अर्ध्या तासाची होती.

अकरा महिने आणि अर्धा तास, या दोहोंच्या मधल्या जागेत आपले सगळे पाणी जाते. गळतीचे प्रमाण भोकाच्या आकारापेक्षाही तीन गोष्टींवर ठरते: ती आहे हे समजायला किती दिवस लागतात, ती कोठे आहे हे शोधायला किती, आणि समजल्यावर बुजवायला किती. यांतली एकही गोष्ट नव्या धरणाने सुधारत नाही. किंबहुना नवे पाणी जुन्या नळांत आले की दाब वाढतो आणि दाबाबरोबर जुनी गळतीही वाढते. चाळणीत अधिक पाणी ओतले तर चाळणीतून अधिक गळते, हे समजण्यास शास्त्राची आवश्यकता नाही.

येथे आपल्याकडील पुरवठ्याच्या पद्धतीविषयी बोलणे प्राप्त आहे, कारण या प्रश्नाची सर्वांत घट्ट गाठ तेथे बसली आहे. आपल्या बहुतेक शहरांत पाणी अखंड येत नाही. ते दिवसातून काही तास येते, काही गावांत दिवसाआड येते, आणि जायकवाडीच्या विशाल जलाशयावर अवलंबून असलेल्या छत्रपती संभाजीनगरातील माणसांनी कित्येक दिवसांच्या अंतराने येणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षे संसार केले आहेत. ज्या नगरीत सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने नहर आणून सार्वजनिक पाणी खेळविले त्या नगरीची ही अवस्था आहे. ठरलेल्या वेळी चावीवाला एका विभागाची चावी उघडतो, तास-दोन तासांनी ती बंद करून दुसऱ्या विभागाची उघडतो. या पद्धतीत गळती कमी दिसते, कारण नळात दाबच चार तास असेल तर त्या सहा मिलिमीटरच्या भोकातून २५,००० च्या जागी चारएक हजार लिटरच जातात. म्हणून पाणी कमी पडले की तास कमी करणे हा खात्याला सोपा इलाज वाटतो. परंतु रोज भरणे आणि रोज रिकामे होणे यांमुळे नळांना आतून हादरे बसतात, सांधे ढिले होतात आणि नव्या गळत्या जन्माला येतात. लोकही, उद्या पाणी येईल की नाही याची शाश्वती नसल्याने, पिंप, टाक्या, घागरी भरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आले की शिळे ओतून देतात; ज्याला परवडते तो नळाला मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून घेतो.

याहून भयंकर आहे ते पाणी बंद असतानाचे. नळात दाब असतो तोपर्यंत भोकातून पाणी बाहेर जाते. दाब गेला की तेच भोक आत ओढू लागते. आपल्या जुन्या वस्त्यांत पिण्याच्या पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची गटारे शेजारी शेजारी, कोठे कोठे एकमेकांना छेदून जातात, आणि बंद नळाच्या भोकाभोवती जे साचलेले असते तेच पुढच्या पाळीला पहिल्या बादलीत येते. नळ आल्यावर पहिली पाच मिनिटे पाणी सोडून द्यावे, ही आपल्या आज्या-मावश्यांची शिकवण याच अनुभवातून आलेली आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही विभागांना अखंड आणि काहींना पाळीने पाणी मिळत असताना दोन्हींची तुलना करण्यात आली, तेव्हा पाळीच्या पाण्यात दूषणाची चिन्हे कितीतरी अधिक वेळा आढळली. शुद्धीकरण केंद्रातून उत्तम पाणी निघावे आणि ते ओठाशी येईपर्यंत रोगवाहक व्हावे, याची जबाबदारी त्या भोकाची आहे. तेव्हा गळती हा केवळ पैशाचा आणि टंचाईचा प्रश्न नाही. आषाढ-श्रावणात तापाने आणि काविळीने भरणाऱ्या दवाखान्यांतल्या कितीएक खाटांचा उगम रस्त्याखालच्या सांध्यांत आहे.

आणि पाळीच्या पुरवठ्यात गळती शोधण्याची सर्वांत खात्रीची वाटच बंद होते. अखंड पुरवठा असलेल्या शहरांत नळांच्या जाळ्याचे लहान लहान विभाग पाडतात, प्रत्येक विभागाच्या तोंडावर एक मीटर बसवितात, आणि मध्यरात्रीनंतर दोन ते चार या वेळात, शहर निद्रिस्त असताना, तो मीटर वाचतात; त्या वेळी कोणी स्वयंपाक करीत नाही, धुणे धूत नाही, तेव्हा जे पाणी आत जाताना दिसते ते बहुतांशी गळतीच असते. ज्या विभागाचा रात्रीचा आकडा चढला तेथे दुसऱ्या दिवशी माणसे जातात. आपल्याकडे रात्री नळ कोरडे असतात, तेव्हा वाचायचे काय? पाणी अपुरे म्हणून पाळी, पाळी म्हणून गळती अदृश्य, गळती अदृश्य म्हणून पाणी अपुरे: या फेऱ्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या फिरत आहोत.

पूर्वीच्या लोकांना सर्व ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह मला नाही. दगडी नळांतूनही पाणी झिरपतच असणार आणि ज्या नगरासाठी ते बांधले ते आजच्या एका पेठेएवढे होते. तरीही नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जो नळ आणला त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या भूमिगत नळाला ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून हवा खेळे, आणि त्यांतून माणूस डोकावून पाणी कसे चालले आहे, गाळ कोठे बसला आहे, ते पाहू शके. बांधणाऱ्याने बांधतानाच देखरेखीची सोय करून ठेवली होती. आज त्याच पुण्यात खडकवासला साखळीतल्या चार धरणांचे पाणी येते आणि तेथेही गळतीचा अंदाज तिसऱ्या हिश्शाच्या आसपास सांगितला जातो. तो कमी करण्यासाठी विभागवार टाक्या, नवे नळ आणि मीटर यांची मोठी योजना तेथे हाती घेण्यात आली आहे. त्या मीटरांना विरोध होतो, आणि पाणीपट्टी वाढेल ही त्यामागची भीती मी समजू शकतो. परंतु मोजणे आणि महाग करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरिबाच्या पहिल्या गरजेपुरते पाणी स्वस्त ठेवूनही प्रत्येक थेंब मोजता येतो.

हे आपल्याच मातीत घडलेले आहे. कराडच्या शेजारी मलकापूर या लहानशा नगराने घरोघरी मीटर बसवून, वापर वाढेल तसा चढा दर लावून, चोवीस तास पाणी देण्याची योजना यशस्वी करून दाखविली. चोवीस तास पाणी दिले तर लोक नळ उघडे टाकतील असे भाकीत करणाऱ्यांनी तेथे एकदा अवश्य जाऊन यावे. साठवण्याची भीती गेली की ओतून देण्याचे कारणही जाते.

मोठ्या नगरांचे दाखलेही आहेत, आणि ते केवळ श्रीमंत राष्ट्रांचे नाहीत. कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह हे युद्धाने आणि नरसंहाराने उद्ध्वस्त झालेले शहर. १९९३ साली तेथील ७२ टक्के पाणी बेहिशेबी होते. एक सोन चान या इंजिनिअराच्या हाती कारभार आला तेव्हा त्यांनी आरंभ खतावणीपासून केला: कोणाकोणाला पाणी जाते याची घरोघर फिरून यादी केली, सर्वांना मीटर लावले, आणि सरकारी कचेऱ्या व लष्करी अधिकारी यांनाही त्यातून सूट दिली नाही. मीटर बसवायला गेल्यावर एका सेनाधिकाऱ्याने त्यांच्या कपाळाला पिस्तूल लावले होते, ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. गळती कळल्यावर ती तासांच्या हिशेबात बुजविणारी पथके रात्रंदिवस सज्ज ठेवली, आणि ज्यांनी पाणी वाचविले त्यांना बक्षीस दिले. पंधरा वर्षांत ७२ टक्क्यांचे ६ टक्के झाले. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तोकियोमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यास पाचवा हिस्सा पाणी गळत होते. आज ते ३ टक्क्यांच्या आसपास आहे. तेथे यंत्रे आली, जोडण्यांचे जुने नळ काढून पोलादाचे न गंजणारे नळ घातले गेले; पण त्याबरोबरच रात्रीच्या शांततेत एक लांब काठी जमिनीला टेकवून, तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावून, खालच्या पाण्याचा आवाज ऐकणारी माणसेही तेथे तयार केली गेली. ऐकण्याची ती काठी मुंबईतही वापरतात. फरक काठीत नाही. ती हातात घेणारी माणसे किती, त्यांना त्या कानाचा मान किती, आणि त्यांनी बोट दाखविल्यावर खणण्याची परवानगी किती दिवसांत येते, यात तो आहे.

आपल्या देशाच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली सेवांचे जे मापदंड ठरविले त्यांत बेहिशेबी पाणी २० टक्क्यांहून अधिक नसावे असे लिहिले आहे. हे उद्दिष्ट भव्य नव्हे. ते साधे आहे. ते कागदावर येऊन बराच काळ लोटला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे विवेचन प्रामाणिक ठरणार नाही. बेहिशेबी पाण्यात चोरी म्हणून जे धरले जाते त्यातले पुष्कळ पाणी वस्त्यांतील माणसे पितात. आणि ती चोरून पितात याचे कारण, राहण्याच्या पुराव्याची तारीख जुळत नाही म्हणून त्यांना कायदेशीर जोडणी नाकारलेली असते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय देताना, झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. तेव्हा गळती थांबविण्याच्या नावाखाली वस्तीतले नळ तोडून आकडा सुधारून दाखविणे, ही मी मागतो ती खतावणी नव्हे. ज्याला आपण चोर ठरविले आहे त्याला जोडणी द्या, मीटर द्या, परवडेल असे बिल द्या. तो भरतो, कारण आज तो टँकरवाल्याला आणि दलालाला त्याच्या कित्येक पट देतच आहे. तसेच, गळलेले पाणी जमिनीतच जाते, ते भूजलात मिळते, असेही समाधान काही लोक करून घेतात. मुंबईसाठी पिसे येथे विजेवर उपसलेले, पांजरापूर आणि भांडुप येथे शुद्ध केलेले, क्लोरीन घातलेले पाणी गटारात मिळाले तर त्यास पुनर्भरण म्हणणे हा शब्दांचा दुरुपयोग आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक नगरपालिकेने व महानगरपालिकेने दरमहा, वॉर्डावॉर्डाचा, पाण्याचा जमाखर्च प्रसिद्ध करावा: किती आले, किती मोजून दिले, किती नाहीसे झाले. आरंभी हे आकडे लाजिरवाणे असतील, असोत. रस्ता खणण्याची परवानगी गळतीच्या कामासाठी मागाहून कागद पुरे करण्याच्या अटीवर त्याच दिवशी मिळावी. नव्या धरणाचा प्रस्ताव ज्या शहराकडून येईल त्याला राज्य सरकारने प्रथम एक प्रश्न विचारावा, की गेल्या पाच वर्षांत तुमची गळती किती उतरली, आणि उत्तर दप्तरासह येईपर्यंत त्या दरीतल्या एकाही घराला नोटीस जाऊ नये. आणि ज्या तालुक्यातून पाणी येते त्याच्या पाड्यांना वाचविलेल्या पाण्यातला पहिला वाटा मिळावा. शहापूरला एवढे लिहून मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

पाचवी मागणी निकडीची आहे, कारण तिला मुदत आहे. आपल्या शहरांतील जुन्या नळांचे नकाशे पुष्कळ ठिकाणी अपुरे आहेत किंवा कोठल्याशा कपाटात जीर्ण झाले आहेत. खरा नकाशा फिटरांच्या आणि चावीवाल्यांच्या स्मरणात आहे, आणि ते वर्षावर्षाला निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागा रिकाम्या राहत आहेत अथवा सहा महिन्यांच्या कंत्राटावर भरल्या जात आहेत. या माणसांना सन्मानाने बोलावून, त्यांना योग्य मानधन देऊन, नकाशा काढणाऱ्याला बरोबर घेऊन गल्लीगल्लीतून चालवत न्यावे आणि ते सांगतील ते सांध्यासांध्याने टिपून घ्यावे.

आमच्या पेठेचे ते निवृत्त फिटर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सकाळी देवळाजवळच्या पारावर बसलेले असतात. सांधा सापडल्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि सहज विषय काढला, तेव्हा त्यांनी हातातल्या काठीने पाराखालच्या मातीत रेघा ओढण्यास आरंभ केला. मुख्य वाहिनी, तिच्या शाखा, कोठे बीड आणि कोठे लोखंड, कोणत्या साली कोणता तुकडा बदलला, आमच्या वळणावरचा तो सांधा, आणि त्याच्यासारखे आणखी चार, जे अजून गळत असतील असे ते म्हणाले. त्या रेघा कागदावर उतरवून घेण्यास खात्यातून अद्याप कोणी आलेले नाही.